मिस्त्री जिन्याने उतरतात

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टने फार हिंडत असेल, असा लोकांचा समज आहे. खरी गोष्ट उलटी आहे. त्याला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते. चालू असती तर बोलावलं कशाला असतं. त्यातून जुन्या इमारतींत लिफ्टची मोटर असते गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे सगळ्या शहराला उभ्या जागी वर नेणारा हा माणूस स्वतः मात्र हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून पायी वर जातो. आपले मिस्त्री असे उभा जन्म वर गेले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या पोटऱ्या बघून कंपनीच्या डॉक्टरांनी चष्मा पुसून घेतला होता.

इतर निवृत्त माणसं रक्तदाबाच्या गोष्टी सांगतात; मिस्त्री जिन्यांच्या सांगत. कुठला जिना सज्जन, कुठला लबाड, कुठला शेवटच्या मजल्यावर पायऱ्या उंच करून आल्यागेल्याचा अपमान करतो, हे ते अशा रंगात येऊन सांगत की ऐकणाऱ्यालाच धाप लागे.

एक गोष्ट मात्र मनात सलत होती. एवढं चढून त्यांनी वर पाहिलं काय? पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि ग्रीसने माखलेली मोटर. एकदा तरी असं काहीतरी चढावं की वर पोचल्यावर काही दुरुस्त करायचं नसेल, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. ऐकायला ती जरा कवितेसारखी वाटे, आणि मिस्त्री कवितेला वचकून असत.

त्यामुळे लेकीने डोंगरातल्या जंगल-उद्यानाचा नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि "बाबा, येणार का?" असं विचारलं, तेव्हा मिस्त्री "बघू" म्हणाले आणि ताबडतोब बूट शोधायला गेले.

लेक हाडांच्या इस्पितळात होती, प्लास्टर घालायच्या खोलीत. डोंगरावर गेलेली माणसं तिला नेहमी परतीच्या वाटेवरच भेटत, आणि तीही स्ट्रेचरवर. साहजिकच तिचं नियोजन वेगळं होतं. इतरांना नकाशावर दऱ्या, झरे आणि देवदार दिसतात. तिला हाडं दिसत.

"इथे घोटा," ती एका वळणावर बोट ठेवून म्हणाली. "हा ओढा ओलांडताना मनगट. आणि ह्या उतारावर गुडघा, नीट उतरलं नाही तर दोन्ही."

"आणि इथे?" जावयाने एका मोकळ्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. जावई चष्म्याचं दुकान चालवत होता आणि मुळात आशावादी होता.

"इथे मुक्काम. इथे कुणाला काही झालेलं माझ्या ऐकिवात नाही."

उद्यान फार आत होतं. रस्ता नाही, झोपडी नाही, फोन लागत नाही. तंबू, स्टोव्ह, अन्न सगळं पाठीवर न्यायचं, ओढ्याचं पाणी उकळून प्यायचं आणि कचरा परत पाठीवरच आणायचा. एका तुकडीत चारच्या वर माणसं नकोत, असा तिथला नियम होता. शिवाय निघण्याआधी वनरक्षक तुकडीच्या प्रमुखाला फोन करून प्रश्न विचारत, आणि उत्तरं पटली तरच परवानगी देत. तुकडी ठरली: लेक प्रमुख, मग जावई, जावयाचे वडील आणि मिस्त्री.

जावयाचे वडील, म्हणजे मिस्त्रींचे व्याही, रेल्वे स्थानकावर उद्घोषक होते. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. चहात साखर कमी आहे हे ते सांगत, तर शेजारच्या घरातली माणसं सामान उचलून तयार होत.

"मिस्त्रीसाहेब, तुम्हाला झेपेल ना?" व्याह्यांनी विचारलं. "वयाचा प्रश्न आहे म्हणून विचारतो."

"तुमच्यापेक्षा लहान आहे मी."

"म्हणूनच. आमच्या वयात समज येते."

"व्याहीबुवा, तुम्ही जन्मभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना गाड्या पकडायला लावल्यात. मी चढलोय."

बाई, म्हणजे मिस्त्रींची बायको, चहा गाळत होत्या. त्या बालवाडीच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना बाई म्हणे, मिस्त्रीही म्हणत. बाईंना येणार का असं कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं असंही नव्हे. ते कुणाला सुचलंच नव्हतं. "झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवंच," असं मिस्त्री म्हणाले. घरात झाड एकच होतं आणि तेही निवडुंगाच्या जातीचं.

मिस्त्रींनी सरावाला सुरुवात केली. पाठीवरच्या पिशवीत वाळू भरायची, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचं, लिफ्टने खाली यायचं, पुन्हा चढायचं. लिफ्टने खाली यायचं ह्यात आळस नव्हता. तो धंद्याचा धर्म होता. ज्याने लिफ्ट दुरुस्त केली त्यानेच पहिल्यांदा तिच्यात बसून खाली जायचं, ही त्यांच्या कंपनीतली जुनी रीत. दुरुस्ती करून जिन्याने उतरणारा मिस्त्री म्हणजे स्वतःच्या हातचं न जेवणारा आचारी. त्यामुळे इतक्या वर्षांत मिस्त्री वर पायीच गेले होते आणि खाली नेहमी लिफ्टने आले होते. ह्या हिशेबात काही चुकतंय, असं त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. लेकीच्याही नाही, आणि ती तर जन्मभर त्यांना पाहत होती.

एका रविवारी सगळे शहराबाहेरच्या टेकडीवर रंगीत तालीम करायला गेले. डबे उचलायला कुणीतरी हवं म्हणून बाईही आल्या.

चढताना मिस्त्रींनी जे केलं ते पाहून जावयाने दोनदा चष्मा काढला. पिशवीत वाळू, तोंडात एका लबाड जिन्याची गोष्ट, आणि पाय असे पडत होते की टेकडीच खाली सरकतेय असं वाटावं. वर पोचून त्यांनी घाम पुसला, सावली बघून बसले, आणि बऱ्याच वेळाने व्याहीबुवांचं डोकं दिसू लागलं तेव्हा पाण्याची बाटली पुढे केली.

"या. जागा धरून ठेवलीय."

व्याह्यांना बोलता येत नव्हतं. लोक ह्या प्रसंगाची आठवण पुढे बराच काळ काढत.

मग सगळे उतरू लागले.

पहिल्या वळणापर्यंत मिस्त्रींना वाटलं, बुटात खडा गेलाय. दुसऱ्या वळणावर मांड्या थरथरू लागल्या. तिसऱ्या वळणावर त्यांच्या गुडघ्यांनी, ब्रेक गेलेल्या लिफ्टने करावं तसं, मालकाला न विचारता खाली जायला सुरुवात केली. मिस्त्रींनी एक झुडूप धरलं. झुडूप त्यांच्याबरोबर आलं. शेवटी ते खाली बसले आणि बसूनच उतरले. असं उतरताना विजारीच्या मागच्या बाजूला फार सोसावं लागतं.

पायथ्याशी व्याहीबुवा ताजेतवाने उभे होते. उतरायला लागल्याबरोबर त्यांचा आवाजही परत आला होता.

"मिस्त्री," त्यांनी साऱ्या दरीला कळवलं, "उशिराने येत आहेत. मिस्त्री उशिराने येत आहेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

लेक मात्र हसत नव्हती. ती वरच्या वाटेकडे पाहत होती. तिथून बाई येत होत्या. एका हातात डबे, दुसऱ्या हातात मिस्त्रींनी वाटेत टाकलेली वाळूची पिशवी, खांद्यावर जावयाचा कॅमेरा. पाऊल आडवं टेकवत, न घसरता, न थांबता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. खाली पोचून त्यांनी सगळ्यांकडे बघून माणसं मोजली, जशी शाळेत मुलं मोजत तशी, आणि डबा उघडला.

"आई, तू हे कुठे शिकलीस?" लेकीने विचारलं.

"काय?"

"उतरायला."

"उतरायला काय शिकायचंय," बाई म्हणाल्या. "बालवाडी वरच्या मजल्यावर होती. रोज सगळी रांग खाली आणायचे. आणि घरी मी जिन्यानेच येते-जाते."

ते खरं होतं. मिस्त्री रोज जेवताना दिवसाची हकीकत सांगत: आज कुठला दोर उसवला होता, कुठला ब्रेक झिजला होता, कुठे दोन मजल्यांच्या मध्ये कोण अडकलं होतं. शेवटी ते म्हणत, "पण लिफ्टइतकं सुरक्षित वाहन जगात नाही." बाई पहिला भाग लक्षपूर्वक ऐकत आणि दुसऱ्या भागाला ताटं उचलत. लग्न झाल्यापासून त्यांनी लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता.

दोन दिवसांनी लेक घरी आली आणि प्लास्टर ओलं असताना बोलावं तशा सावकाश आवाजात बोलली.

"बाबा, ह्या वाटेवर जेवढा चढ आहे त्यापेक्षा उतार जास्त आहे. मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

"वर कोण आधी पोचलं?"

"तुम्ही. पण वर राहायचं नाहीये आपल्याला."

 हा मुद्दा मिस्त्रींना उघडून दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता.

"मग चौथं कोण?" त्यांनी विचारलं.

लेकीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बाई हात पुसत उभ्या होत्या.

"मी येते," बाई म्हणाल्या. आढेवेढे नाहीत, "छे, मी कसली" नाही. मग त्या टेबलाशी बसल्या, नकाशा स्वतःकडे फिरवला आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांग. घोटा कुठे आणि मनगट कुठे."

मिस्त्री गॅलरीत जाऊन उभे राहिले. निवडुंगाला पाणी घातलं. त्याला गरज नव्हती.

पुढचे काही दिवस ते फार सभ्यपणे वागले, म्हणजे कुणाशी बोलले नाहीत. त्यांना राग लेकीचा नव्हता. ती योग्यच बोलली होती. राग स्वतःच्या गुडघ्यांचा होता आणि गुडघ्यांशी अबोला धरून माणूस जगणार कसा. आणि ती सांगता न येणारी इच्छा, ती आता हातातोंडाशी येऊन परत चालली होती. शेवटी एका सकाळी बाई नकाशावर बोटाने वाट गिरवत असताना ते समोर येऊन बसले.

"बाई, मला उतरायला शिकवा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलं आधी चढायला शिकतात, माहीत आहे? उतरायला मागाहून. तुम्ही मध्येच शाळा सोडलीत."

"आता घ्याल का परत?"

"घेईन. पण जागा माझी आहे. ती मी देणार नाही."

"मागत नाही."

"आधीच सांगितलेलं बरं."

वर्ग जिन्यात भरला. नियम एकच: पाऊल टेकताना आवाज होता कामा नये. गुडघा सैल, वजन मागे, घाई नाही, कठड्याला हात नाही. धप्प आवाज आला की परत गच्चीपर्यंत वर.

"धप्प," बाई खालच्या वळणावरून म्हणत.

"ऐकू आलं मला."

"मग वर."

मिस्त्री आनंदाने वर जात. शिक्षा भोगायला विद्यार्थी पळत जातो, हा बाईंच्या नोकरीतला पहिलाच प्रसंग होता. पहिल्या आठवड्यात तर ते मुद्दाम आवाज करतात असा त्यांना संशय आला.

संशय इमारतीलाही आला, पण वेगळा. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टचं बटण दाबून उभ्या होत्या. समोरून मिस्त्री पायऱ्या उतरत गेले. काकूंनी त्यांना ह्या दिशेने पायी जाताना कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"मिस्त्री, जिन्याने?"

"हो. शिकतोय," मिस्त्री एवढंच म्हणाले, कारण आवाज होऊ नये ह्याकडे सगळं लक्ष होतं.

लिफ्ट आली, दार उघडलं. काकूंनी आत पाहिलं, मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिलं आणि भाजीची पिशवी उचलून जिना धरला. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत जिन्यात होती. ज्याने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, तोच हिच्यातून उतरत नाही, ह्यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा? इमारतीचे सचिव धापा टाकत वर आले.

"मिस्त्री, खरं सांगा. दोर की ब्रेक?"

"लिफ्ट ठणठणीत आहे. माझे गुडघे कच्चे आहेत."

सचिव समजल्यासारखं हसले. इतकं ठरवून दिलेलं उत्तर, म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलेलं दिसतंय. त्यांनी कंपनीला फोन केला. कंपनीचा माणूस आला, मोटर पाहिली, दोर पाहिले, लिफ्ट उत्तम आहे असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. मग जुने मिस्त्री जिन्यात दिसले म्हणून आदराने त्यांच्याशी गप्पा मारत त्यांच्याबरोबर पायीच खाली गेला.

त्यानंतर लिफ्टमध्ये मांजरसुद्धा जाईना. सचिवांनी हात जोडले. "निदान माणसं कामावर गेल्यावर तरी उतरत जा." मिस्त्रींनी ते मान्य केलं, पण मनात त्यांना थोडं बरं वाटलं. आपल्या पायांवर एवढ्या लोकांचं लक्ष आहे, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

हळूहळू धप्पचं प्रमाण घटलं. मग एका सकाळी बाई खालच्या वळणावर उभ्या राहून वाट बघत राहिल्या, अजून कसे आले नाहीत म्हणून वळल्या, आणि मिस्त्री त्यांच्या मागेच उभे होते.

 बालवाडीत अशा वेळी बाई मुलाच्या हातावर तारा काढत. त्यांनी मिस्त्रींच्या कॉलरवरचा धागा काढला.

टेकडीवर पुन्हा तालीम झाली. ह्या वेळी लेक पायथ्याशीच थांबली. वरून बाई आणि त्यांच्यामागे मिस्त्री येत होते. लेक बापाकडे बघत नव्हती. ती त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती, जसं फक्त तिच्या खोलीतली माणसंच बघू शकतात. मिस्त्री खाली आले. पाठीवर वाळू होती आणि विजार शाबूत होती.

"परत एकदा," लेक म्हणाली.

मिस्त्री परत गेले आणि परत आले.

लेकीने वाकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. थरथर नव्हती. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली, आणि वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आई, तू ह्यांना काय केलंस?" एवढंच ती म्हणाली.

"पण जागा चारच," जावयाने आठवण करून दिली.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचं आधीच बोलून झालं होतं.

"मी माझी जागा देऊ शकलो असतो," व्याहीबुवा म्हणाले. सगळे थांबले. "पण देणार नाही. मी नवीन बूट घेतलेत."

"कुणी कुणाला काही द्यायचं नाही," लेक म्हणाली. "दोन तुकड्या करू. आम्ही तिघं पुढे, तुम्ही दोघं मागून. वाट एकच, मुक्काम वेगवेगळे. फक्त दुसऱ्या तुकडीला प्रमुख लागेल."

मिस्त्रींनी घसा साफ केला. "तसं म्हटलं तर मी..."

"बाबा, ओढा कुठे ओलांडायचा?"

"पाणी कमी असेल तिथे."

"ओढे दोन आहेत," बाई डबा बंद करत म्हणाल्या. "पहिला सकाळीच ओलांडायचा, दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं. दुसऱ्यावर पूल आहे, पण गेल्या वर्षी वाहून गेला होता, तेव्हा आधी विचारून घ्यायचं."

प्रमुखाचा प्रश्न तिथे मिटला.

वनरक्षकाचा फोन आला तो बाई भांडी आवरत असताना. त्यांनी हात पुसले, खुर्चीत ताठ बसल्या आणि फोनचा आवाज मोठा केला. मिस्त्री समोर उभे राहिले. त्यांना बसावंसं वाटेना.

पलीकडचा आवाज कंटाळलेला होता. अशा कितीतरी हौशी माणसांना त्याने रोज तपासलं असणार. पहिला मुक्काम कुठे? बाईंनी सांगितलं. अन्न कुठे ठेवणार? झाडाला उंच बांधून, तंबूपासून लांब. धुकं आलं तर? थांबणार. थांबायला जागा नसेल तर? जिथून आलो तिथे परत जाणार. पुढे जायचा हट्ट लहान मुलं करतात.  वनरक्षकाचा कंटाळा गेलेला ऐकू येत होता.

"तुमच्या तुकडीत दुसरं कोण आहे?"

"आमचे मिस्टर."

"चढण झेपेल त्यांना?"

"चढण्याची काळजी नाही."

"चढण्याची कुणालाच नसते, बाई. माणसं आपली आपण वर जातात आणि आम्ही झोळीत घालून खाली आणतो. त्यांना उतरता येतं का?"

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री नकळत दोन्ही पाय जुळवून उभे राहिले.

"येतं," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंय. आवाजसुद्धा होत नाही."



"ठीक आहे. या," वनरक्षक म्हणाला. "आणि बाई, पूल दुरुस्त झालाय."

बाईंनी फोन ठेवला आणि राहिलेली भांडी घासायला घेतली. मिस्त्री दाराशी उभं राहून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग छाती पुढे काढून त्यांनी व्याह्यांना फोन लावला.

"परवानगी मिळाली. आमच्या प्रमुखांनी एका दमात मिळवली."

"आमच्याही प्रमुखांना मिळाली," व्याहीबुवा म्हणाले. "कालच मिळाली. तुमच्या आधी."

"तुमची प्रमुख ती माझी लेक," मिस्त्री म्हणाले, "आणि आमची प्रमुख तिची आई. तेव्हा व्याहीबुवा, नवीन बूट घाला नाहीतर जुने घाला, ह्या डोंगरावर तुम्हाला हुकूम आमच्याच घरातून सुटणार."

"ते काय नवीन सांगता," व्याही म्हणाले. "माझ्या घरात तर मुलाच्या लग्नापासून सुटतोय."

"अहो," आतून बाई म्हणाल्या, "फोन ठेवा आणि तंबू उघडून बघा. एक खुंटी वाकलीय म्हणतात."

मिस्त्री लगेच गेले.